जर्मनीला शिकायला निघालेल्यांची पेटी: गावाकडचं काय न्यावं, काय घरीच ठेवावं

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या खेड्यातलं पोर परदेशी शिकायला निघालं की आठ दिवस आधीपासून पेटी भरणं सुरू होतं. आई, मावशी, शेजारची काकू, सगळ्यांचं एकच म्हणणं: "ने न बाप्पा, तिकडं भेटते का नाही कोण जाणे." तिकिटावर बहुधा २३ किलोची मर्यादा असते, त्यामुळे शेवटच्या रात्री काट्यावर बॅग ठेवून एकेक वस्तू काढावी लागते. आणि नेमकी चुकीची वस्तू निघते. जर्मनीत पोचल्यावर नेलेल्यातलं बरंचसं कपाटात पडून राहतं, नाहीतर कचऱ्यात जातं, आणि त्याच्या जागी नवं प्लास्टिक विकत घेतलं जातं.

वस्तू चांगली असूनही हे होतं, कारण तिथली शेगडी, तिथलं पाणी आणि तिथले नियम वेगळे. म्हणून इथे प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावली आहे: हॉस्टेलच्या १२-१५ चौरस मीटरच्या खोलीत आणि सामायिक स्वयंपाकघरात ती दोन वर्षं रोज वापरात राहील का? राहत असेल तरच तिने कचरा वाचतो. जर्मनी समोर धरून लिहिलं आहे; अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

कुकर

पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू हीच. जागा नसेल तर कपडे कमी करा, कुकर काढू नका. झाकण घट्ट असल्याने आत चौरस इंचाला १५ पौंडांच्या आसपास दाब तयार होतो, पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांवर उकळतं, आणि उघड्या पातेल्यात तासभर शिजणारी तूर १५-२० मिनिटांत शिजते. वीज तेवढी वाचते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वरण-भात रोज घरी होतो आणि पुठ्ठा-प्लास्टिकच्या डब्यातलं तयार जेवण आणावं लागत नाही.

कोणता घ्यावा? ३ लिटरचा, स्टीलचा, सपाट आणि जाड बुडाचा, इंडक्शनवर चालणारा. तालुक्याच्या भांड्याच्या दुकानात जाताना खिशात एक चुंबक ठेवा. कुकर उलटा करून बुडाला लावून पाहा: मधोमध आणि कडेलाही घट्ट चिकटलं पाहिजे. साध्या अॅल्युमिनियमच्या कुकरला चुंबक चिकटत नाही, म्हणून तो इंडक्शनवर तापतच नाही. हॉस्टेलमध्ये बऱ्याचदा इंडक्शनऐवजी काळ्या काचेची विजेची शेगडी असते, तिच्यावर अॅल्युमिनियम चालतं. पण खोली मिळेपर्यंत शेगडी कोणती हे कळत नाही, आणि वर्षभराने खोली बदलली की शेगडीही बदलते. ५ लिटरचा एका माणसाला मोठा पडतो. वजन तर लागतंच, शिवाय थोडी डाळ त्यात पसरून बुडाला लागते.

काचेच्या शेगडीची एक खोड आधी समजून घ्या. तिच्यात ज्वाळा नाही, काचेखालची तार तापते, आणि बटण बंद केलं तरी काच बराच वेळ गरम राहते. गावाकडे तीन शिट्ट्यांचा हिशोब असतो. इथे पहिली शिट्टी झाली की शेगडीचं बटण ९ वरून ३ वर आणा आणि शेवटच्या शिट्टीच्या आधीच शेगडी बंद करून कुकर तसाच राहू द्या. उरलेल्या तापावर डाळ मऊ शिजते. तीन शिट्ट्या मोजून मग बंद केलं तर चौथी-पाचवी होतेच आणि भाताचा लगदा होतो. कुकर काचेवर ओढायचा नाही, उचलून ठेवायचा. गूळ किंवा साखरेचा पाक उतू गेला तर काच थंड व्हायच्या आत खरवडून काढावा लागतो. तो थंड झाला की काचेला कायमची खळी पडू शकते आणि तिचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात.

कुकर बिघडतो तो रबरी गास्केटमुळे. रोजच्या वापरात ते वर्ष-दीड वर्षात ताठरतं, कडेने वाफ फुसफुसायला लागते आणि शिट्टी होत नाही. आपल्या मापाचं गास्केट जर्मनीतल्या दुकानात मिळेलच असं नाही. म्हणून त्याच कंपनीची, त्याच मापाची दोन जादा गास्केटं, एक सेफ्टी व्हॉल्व्ह आणि हँडलचे दोन स्क्रू घेऊन जा. सगळं मिळून शंभर-दीडशे ग्रॅम भरत नाही आणि सबंध कुकर वाचतो. गास्केट धुऊन, पुसून, झाकणातून काढून सपाट ठेवायचं. अगदी अडलं तर ते दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवलं की थोडं आवळतं आणि त्या दिवसाचं काम निभतं. सामायिक स्वयंपाकघरात डिशवॉशर असेल तर गास्केट, शिट्टी आणि अॅल्युमिनियमचं काहीही त्यात टाकू नका. त्याच्या तीव्र पावडरीने अॅल्युमिनियम काळं पडतं. डाळ निम्म्याच्या वर भरायची नाही, बाकी काहीही दोन तृतीयांशाच्या वर नाही. हा नियम गावातही आहेच, पण तिथे फेस उडाला तर स्वतःचाच ओटा पुसायचा असतो, इथे दहा जणांचा.

कुकर हातातल्या बॅगेत नेऊ नका, मोठ्या बॅगेत टाका. त्याच्या पोटात तिखट-हळदीच्या पुड्या मावतात, जागा वाया जात नाही.

तूर का शिजत नाही

जर्मनीत गेलेल्या पोरांची ही तक्रार हमखास असते, आणि दोष डाळीला दिला जातो. दोष पाण्याचा आहे. तिथल्या कित्येक शहरांचं नळाचं पाणी जड आहे, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार जास्त. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे नवं नाही. तिथल्या विहिरीच्या पाण्यातही डाळ दगडासारखी राहते. पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला (दाणा बांधून ठेवणाऱ्या घटकाला) घट्ट धरतं आणि दाणा फुटत नाही. जर्मनीत पाण्याचा जडपणा अंशांत मोजतात: ८.४ पर्यंत मऊ, ८.४ ते १४ मध्यम, १४ च्या वर जड. आपल्या भागाचा आकडा शहराच्या पाणीपुरवठा संस्थेच्या संकेतस्थळावर दिलेला असतो.

उपाय सोपा आहे. पाणी आधी किटलीत उकळून पाच मिनिटं निवू द्या. काही क्षार तळाशी बसतात, वरचं पाणी डाळीला घ्या. डाळ अर्धा तास भिजवा. एक वाटी तुरीला अडीच ते तीन वाट्या पाणी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. हा सोडा घेताना मात्र नाव नीट वाचा. तिथे खाण्याच्या सोड्याला 'नाट्रोन' म्हणतात. नुसतं 'सोडा' किंवा 'वॉशसोडा' लिहिलेलं पाकीट धुण्याचं असतं, ते पोटात जाता कामा नये. दोन्ही पांढऱ्या पुडी, बऱ्याचदा एकाच दुकानात. मीठ आणि चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच घाला. आंबटाने दाणा आणखी ताठरतो.

त्याच क्षारांमुळे किटलीत पांढरा थर बसतो आणि पाणी तापायला वीज जास्त लागते. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक अॅसिड घालून अर्धा तास ठेवा आणि धुऊन टाका. ते पाणी उकळायचं नाही. उकळलं तर कॅल्शियम सायट्रेटचा नवा थर बसतो आणि तो काढणं अवघड जातं.

पिण्याचं पाणी मात्र बिनधास्त नळाचं. जर्मनीत ते पिण्यायोग्यच असतं, जड असलं तरी. चार तासांहून जास्त नळीत थांबलेलं पाणी आधी थोडं वाहू द्यावं. ते भांडी विसळायला घ्या. एक चांगली स्टीलची बाटली घरून न्या, विकतच्या पाण्याची गरजच राहत नाही.

खाण्याचं सामान

तूप नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध-दुभत्याचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, खवा, पनीर त्यात आलं, आणि पकडलं तर सरळ नष्ट करतात. घरचं रवीचं तूप विमानतळाच्या कचऱ्यात गेलेलं कोणाला बघवेल? तिथे २५० ग्रॅमचं बिनमिठाचं लोणी कोणत्याही दुकानात मिळतं. ते मंद आचेवर कढवलं की सुमारे २०० ग्रॅम तूप निघतं, पंधरा-वीस मिनिटांत.

ताजा कढीपत्ता, ताजी फळं-भाज्या, पेरणीचं बियाणं यांना डिसेंबर २०१९ पासून वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सवलत आहे ती नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाचच फळांना. म्हणजे नागपूरची संत्री राहू द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांचा अडथळा तर इथेच, आपल्या विमानतळावर येतो. तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि बॅगेतून काढून टाकतात. खोबरं घातलेला काळा मसाला भाजून, वाटून न्यावा. ऑस्ट्रेलियाला जात असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीला दंड होतो.

न्यायचं ते तिखट आणि हळद. भिवापुरी मिरचीचं तिखट आणि वायगावची हळद, दोन्ही भौगोलिक मानांकन मिळालेला आपल्या भागातला माल. एका माणसाला वर्षाला अर्धा किलो तिखट आणि पाव किलो हळद पुरते. जवसाची चटणी न्या, पण थोडीच: जवसाच्या तेलाला लवकर खवट वास येतो, दोन महिन्यांपुरती पुरे. मुंगवड्या हा फारसा कोणी न विचारलेला पण उत्तम माल. वजनाला हलक्या, कडक वाळलेल्या असतील तर वर्षभर टिकतात, आणि भाजी महाग असणाऱ्या हिवाळ्यात कांदा-टोमॅटोवर एका वाटीत दोन वेळची भाजी होते. कुरडया आणि पापड तळायला तेल आणि धूर दोन्ही लागतात, ते नकोच.

कणीक नेऊ नका. जर्मनीतल्या पिठाच्या पाकिटावर आकडा असतो. टाइप ४०५ म्हणजे आपला मैदा, १०५० म्हणजे कोंडा बराच शिल्लक असलेलं पीठ, आणि 'फोलकॉर्न' म्हणजे अख्ख्या गव्हाचं. (आकडा म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते ते.) १०५० ची पोळी आपल्या कणकेच्या जवळ जाते. पाकीट कागदी असतं, तेवढंच प्लास्टिक कमी. मसूर आणि काबुली चणे साध्या दुकानात मिळतात, तूर मात्र आशियाई दुकानातून आणावी लागते आणि महाग पडते. म्हणून तीन दिवस मसूर, एक दिवस तूर असं वरण लावा.

फोडणी आणि धुराचा गजर

हे कोणी आधी सांगत नाही. हॉस्टेलच्या खोल्यांत आणि व्हरांड्यात धूर ओळखणारी यंत्रं असतात, आणि काही इमारतींत ती थेट अग्निशमन दलाला जोडलेली. खोट्या गजराचं बिल भाडेकरूवर येऊ शकतं. मिरचीची फोडणी ठसकली की माणूस सवयीने स्वयंपाकघराचं दार उघडतो, आणि धूर व्हरांड्यातल्या यंत्रापर्यंत पोचतो. दार बंद, खिडकी उघडी, वरचा पंखा चालू, हाच क्रम ठेवा. यंत्रावर कापड किंवा पिशवी बांधणं धोक्याचं आहे आणि नियमाविरुद्धही. ते करू नका.

फोडणी कडक तापलेल्या तेलात घालण्याऐवजी मोहरी गार तेलातच टाका, शेगडी ६ वर ठेवा, वर झाकण. मोहरी तडतडायला लागली की कढई काचेवरून बाजूला घ्या आणि मग तिखट-हळद घाला. चव तीच राहते, ठसका निम्मा होतो. ठेच्याची मिरची तिथे तव्यावर भाजायचा विचारही नको. ठेचा खायचाच असेल तर मिरची तेलात झाकून, मंद आचेवर परता.

गोल बुडाची लोखंडी कढई आणि खोलगट तवा काचेवर टेकतच नाही. मधला रुपयाएवढा भाग तापतो, बाकी थंड. सपाट बुडाचा बिडाचा तवा चांगला, पण दोन किलोच्या वर जातो. तिथे जुन्या वस्तूंच्या बाजारात बिडाचे सपाट तवे मिळतात, तेच घ्या. भाकर मात्र जमते: ज्वाळा नाही, म्हणून दुसरी बाजू शेकताना ओल्या फडक्याची घडी करून कडेकडेने दाबत जा, ती तव्यावरच फुगते.

मिक्सर? युरोपात वीज २३० व्होल्टच, त्यामुळे चालतो, पण आपली तीन गोल पायांची पिन बसत नाही, अर्थिंग असलेला अॅडॉप्टर लागतो. अमेरिकेत १२० व्होल्ट असल्याने तिथे आपला मिक्सर कामाचाच नाही. अॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. दोन-तीन किलो वजन आणि रात्री दहानंतर आवाज बंदी, हे बघता मिक्सर घरीच राहू द्या.

रिठे, घोसाळ्याची घासणी, पंचा

रिठ्यांचं फार कौतुक होतं. खरं सांगायचं तर ते निम्मं काम करतात. त्यातलं सॅपोनिन, म्हणजे फेस आणणारा घटक, जड पाण्यातही साबणासारखी चिकट साय धरत नाही, ही जमेची बाजू. लोकरीचे कपडे, रोजचे टी-शर्ट छान निघतात. हळद-तेलाचा डाग आणि काखेतला घाम मात्र निघत नाही. बिया काढून नुसती सालं न्या. बी काही धूत नाही, वजन वाढवतं आणि तपासणीत प्रश्न उभा करतं. पाच-सहा रिठ्यांची सालं जुन्या मोज्यात बांधून ४० अंशांवरच्या धुण्यात टाका. तोच मोजा दोनदा चालतो. आठवड्याला एक धुणं धरलं तर पाव किलो सालं सहा महिने जातात. काढा करून ठेवला तर फ्रीजमध्येही आठवड्याभरात आंबतो. डागांसाठी तिथली साधी पावडर वापरा. तिच्या डब्यावर मऊ, मध्यम, जड पाण्यासाठी वेगवेगळं माप छापलेलं असतं, त्याच्या वर एक चमचाही घालू नका.

वाळलेल्या घोसाळ्याची घासणी उत्तम. बिया झटकून, बोटभर लांबीचे तुकडे करून न्या. एक तुकडा तीन-चार आठवडे चालतो, रोज पिळून उभा वाळवला तर. सिंकमध्ये ओला पडला की आठ दिवसांत काळा पडतो. संपला की सेंद्रिय कचऱ्याच्या डब्यात.

पण या सगळ्यांत पहिला नंबर सुती पंचाचा. चार न्या. रात्रीतून वाळतो, अंग पुसायला चालतो, पोळ्या गुंडाळायला चालतो, आणि स्वयंपाकघरातला कागदी रोल पूर्ण बंद करतो. वर्ध्याच्या मगन संग्रहालयासारख्या ठिकाणची खादी घेतली तर धुऊन धुऊन मऊ होत जाते. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेली ही संस्था आजही खादीचं काम करते. दोन जाड कापडी पिशव्याही तिथूनच घ्या, कारण जर्मनीत दुकानाच्या गल्ल्यावरच्या नेहमीच्या प्लास्टिक पिशव्यांवर २०२२ पासून बंदी आहे.

गोधडीची गोष्ट उलटी. मायेची वस्तू खरी, पण जाड गोधडी हॉस्टेलच्या मशिनमध्ये मावत नाही, आणि हिवाळ्यात बंद खोलीत तिला वाळायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढी ओल भिंतीला बुरशी आणते. नेसून मऊ झालेल्या लुगड्याची एकेरी पातळ गोधडी न्या, किंवा नेऊच नका. कपडे खोलीत वाळवताना दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवा, त्या वेळी हीटर बंद. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत थंड पडते, ओल तशीच राहते आणि ऊब वाया जाते.

बाटली परत, पैसे परत

तिथल्या व्यवस्थांपैकी ही सगळ्यात चांगली, आणि आपल्याकडच्या माणसाला लगेच पटणारी. गोटी सोड्याची बाटली दुकानातच परत द्यायची, तोच हा व्यवहार. त्याला 'फांड' म्हणतात. एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते. ही सक्ती २००३ मध्ये सुरू झाली आणि २०२४ पासून दुधाच्या प्लास्टिक बाटल्यांनाही लागू झाली. काचेच्या बरणीतलं दही घेतलं तर बरणीचे बहुधा १५ सेंट परत मिळतात.

बाटली चेपायची नाही, लेबल फाडायचं नाही. यंत्र लेबलवरचा बारकोड आणि चिन्ह वाचतं. चेपलेली बाटली ते परत ढकलतं. बाटल्या एकेक आत टाका, शेवटी बटण दाबा, चिठ्ठी निघते, ती त्याच दुकानाच्या गल्ल्यावर द्या. मोठं दुकान दुसऱ्या कंपनीची प्लास्टिक बाटलीही घेतं. २०० चौरस मीटरहून लहान दुकानाला मात्र फक्त स्वतः विकत असलेल्या कंपन्यांच्या घ्याव्या लागतात. लोणचं-जॅमच्या बरण्यांना आणि बहुतेक वाईनच्या बाटल्यांना अनामत नसते. त्या रस्त्यावरच्या काचेच्या डब्यात, पांढरी, तपकिरी, हिरवी अशा रंगाप्रमाणे, आणि रविवारी किंवा रात्री नाही, कारण काच फुटण्याच्या आवाजाला बंदी आहे. रविवारी दुकानंही बंद असतात, म्हणून बाटल्या शनिवारी दुपारी न्या.

शिक्षण संपवून परत येताना कुकर पुन्हा विमानात घालू नका. तो पुढच्या तुकडीतल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला द्या, उरलेलं नवं गास्केट बसवून आणि शेगडीचा आकडा चिठ्ठीवर लिहून: पहिली शिट्टी ९ वर, मग ३.